पांढऱ्या बुटांच्या चार जोड्या

"एक बूट घ्यायचा तर आधी पळून दाखवा, मग चालून दाखवा, मग एका पायावर उभं राहून दाखवा. मला बघायला आले होते तेव्हासुद्धा एवढं बघितलं नव्हतं कुणी," शालनबाई शेजारच्या खुर्चीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पुटपुटल्या.

शेजारच्या खुर्चीवर त्यांची मुलगी हर्षदा होती. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात ती अठ्ठेचाळीस वर्षांत चांगली तरबेज झाली होती. तिची नजर समोर होती. तिथं तिची एकोणीस वर्षांची लेक ईश्वरी अनवाणी पायांनी एका काळ्या पट्टीवरून पळत होती. या टोकाकडून त्या टोकाकडे, वळून परत.

दुकान बुटांचं, पण दुकानात बूट नव्हते. भिंतीला फळ्या नाहीत, खोके नाहीत, नव्या रबराचा वाससुद्धा नाही. मधोमध ही वीस फुटी पट्टी, तिला सगळे पाट म्हणत, आणि कोपऱ्यात मापाप्रमाणे बुटांचे तळवे छापून काढणारं एक कपाट. साताऱ्यात दर तिसऱ्या घरात कुणीतरी पहाटे उठून यवतेश्वरचा घाट पळत चढतं, त्यामुळे यास्मिन आतारच्या या दुकानात रांग असायची. घड्याळाशी शर्यत लावल्यासारखे चेहरे करून माणसं यायची आणि आपल्याच पायांविषयी काहीतरी नवीन ऐकून, जरा गप्प होऊन जायची.

"हे कुणी सांगितलं तुला घ्यायला?" यास्मिनने ईश्वरीचा जुना बूट उलटा करून विचारलं. तळव्याची बाहेरची कड झिजून तिरकी झाली होती. आतली कड कालच आणल्यासारखी कोरी.

"ॲपने. कमान उंच आहे असं लिहिल्यावर त्याने कमानीला टेकू देणारा दाखवला."

"आठ महिन्यांत घोटा किती वेळा मुरगळला?"

"तीनदा."

"चारदा," हर्षदा म्हणाली.

"चौथ्यांदा मी जिन्यावरून पडले होते, ते धरू नको."

यास्मिन हसली. मग तिने स्वतःचा तळहात पालथा करून टेबलावर टेकवला. "हे बघ. पाऊल जमिनीवर टेकलं की जरासं आत लवतं. ते लवणं म्हणजे धक्का गिळणं. सपाट पावलं जास्तच लवतात, त्यांना आतून टेकू लागतो. तुझी कमान दगडी पुलासारखी. ती लवतच नाही. पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं आणि तिथंच राहतं. त्यात तू आतून टेकू देणारा बूट घातलास. बाहेर झुकलेल्या माणसाला मागून धक्का द्यावा तसं झालं. तुला पाहिजे मऊ, वाकणारा, अजिबात टेकू नसलेला. आणि करंगळीच्या बाजूला जरा रुंद."

"बघा, हे आधी सांगितलं असतं तर पळावं लागलं नसतं," शालनबाई म्हणाल्या.

"आजी, पळवलं ते दुसऱ्या कामासाठी."

पाट नुसता वजन मोजत नव्हता. त्याच्या पृष्ठभागाखाली चाळीस हजार ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका स्वतःपुरता खालीवर होऊ शकत होता. माणूस पळत असताना मध्येच एखाद्या पावलाखाली पाट तांदळाच्या दाण्याएवढा कलायचा. पळणाऱ्याला ते कळायचंही नाही, पण घोट्याला कळायचं. तळव्याच्या कातडीतून निरोप निघायचा, पाठीच्या कण्यापर्यंत जायचा आणि पोटरीच्या बाहेरच्या स्नायूला हुकूम घेऊन परत यायचा: सावर. सेकंदाचे हजार तुकडे केले तर हे सगळं साठ-पासष्ट तुकड्यांत आटोपायचं. माणूस जन्मभर असा दर पावलाला पडता पडता सावरला जातो आणि त्याचा त्याला पत्ता नसतो.

समोरच्या भिंतीवर ईश्वरीचं पाऊल उजेडाचं होऊन उभं राहिलं. सव्वीस हाडं, त्यांच्यामधून जाणाऱ्या निळ्या रेघा. हर्षदाला वाटलं, हे आपण पोटात नऊ महिने विणत होतो आणि आपल्याला एक टाकाही ठाऊक नव्हता. रेघांमधून निरोप वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता. येताना तो जरा रेंगाळत होता.

यास्मिनने आकडा बघितला. मग तिने ईश्वरीला आणखी सहा वेळा पळवलं.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "ताई, तुम्ही जरा येता का पाटावर?"

हर्षदा आयुष्यात बससाठीसुद्धा पळाली नव्हती. कंबर सांभाळत ती चार फेऱ्या चालली. भिंतीवर तीच ताठ कमान आली, तीच बाहेरची कड. आकडा सहासष्ट.

"कमान तुमचीच आहे. उशीर तुमचा नाही." यास्मिनने शालनबाईंकडे बघितलं. "आजी, तुम्ही?"

"माझे पाय भाकरीसारखे आहेत. त्यात काय बघायचं?" पण त्या उठल्या, चपला काढल्या आणि साडीच्या निऱ्या उचलून पाटावरून अशा ऐटीत चालल्या की ईश्वरीने टाळ्या वाजवल्या. पाय खरंच भाकरीसारखे होते.

"मग हे माझ्याकडे आलं कुठून?" ईश्वरीने सहज विचारलं.

शालनबाईंनी चपला घातल्या. "चला आता. उन्हं चढली," त्या म्हणाल्या आणि कुणाची वाट न बघता दाराकडे निघाल्या.

बूट दुसऱ्या दिवशी आले. राखाडी, ढगासारखे मऊ. ईश्वरी ते घालून घाटात अकरा किलोमीटर पळून आली आणि अंगणात येऊन म्हणाली की पहिल्यांदाच पायाखाली रस्ता असल्यासारखा वाटला. पण बुटांच्या पिशवीत यास्मिनने एक कागद घातला होता. दुकानाला आजाराचं नाव घ्यायची परवानगी नसते. कागदावर एवढंच होतं, की नसांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, आणि फार दिवस लावू नका.

पुण्याच्या डॉ. गोरे हर्षदाच्याच वयाच्या होत्या. त्यांनी ईश्वरीच्या पोटऱ्या मोजल्या, गुडघ्यावर हातोडी मारली, रक्त तपासायला पाठवलं आणि दोन आठवड्यांनी मायलेकींना समोर बसवलं.

"विजेच्या तारेवर जसं आवरण असतं तसं नसेवर असतं," त्या म्हणाल्या. "काही घराण्यांत ते आवरण हळूहळू विरतं. सगळ्यात लांबची तार म्हणजे पायाची, म्हणून सुरुवात तिथून. आधी कमान उंच होते, पाऊल बाहेर पडायला लागतं, घोटा मुरगळतो. पुढे पंजा उचलला जात नाही. एकाच घरात एकाला नुसती कमान मिळते आणि दुसऱ्याला सगळंच. पण हेही सांगते, की उंच कमानीच्या शंभरातल्या बहुतेकांना यातलं काहीच नसतं. त्यांना फक्त बरा बूट लागतो."

"आणि मला?" ईश्वरीने विचारलं.

"तुझ्या रक्तात एक बदल सापडलाय. एका अक्षराचा. आईतही आहे. पण हा बदल जगात आजवर कुणात नोंदलेला नाही. तो रोगाचा आहे की नाकावरच्या तिळासारखा निरुपद्रवी, हे आज कुणीच सांगू शकत नाही. तुझा उशीर वारंवार मुरगळलेल्या घोट्यामुळेही असू शकतो."

औषध होतं. सहा वर्षांपूर्वी आलं होतं. कण्यातून तीन इंजेक्शनं, आणि नस आपलं आवरण पुन्हा धरू लागायची. मात्र पोटरीचा स्नायू सुकायच्या आधी घ्यायला हवं. सुकला की औषध घेऊनही तो परत येत नाही. ईश्वरीच्या डाव्या पोटरीचा घेर उजवीपेक्षा एक सेंटिमीटर कमी भरत होता. आणि ज्याला गरज नाही त्याला ते दिलं, तर चांगल्या नसेवर आवरणाचे थर चढून पाय कायमचे बधिर होतात. म्हणून अंदाजाने ते कुणी देत नसे.

"घरातलं कुणी दाखवा मला," डॉ. गोरे म्हणाल्या. "तुमच्या माहेरचं. जिन्यावर अडखळणारं, पाय उचलून टाकणारं. एक माणूस मिळाला तरी या अक्षराचा अर्थ लागेल."

"तसं कुणी नाही," हर्षदा म्हणाली. मग समोरच्या पेनस्टँडकडे बघत म्हणाली, "माझे वडील अडखळायचे. पण ते वेगळं. ते प्यायचे."

ईश्वरीने मान वळवून आईकडे बघितलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"किती प्यायचे?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

हर्षदाने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की याचं उत्तर आपल्याकडे नाही. किती, कुठे, कुणाबरोबर. घरात एक बाटली तिने कधी पाहिली नव्हती.

हर्षदाचे वडील रामचंद्र जगदाळे कोरेगावच्या अलीकडच्या एका गावात हायस्कुलात पीटीचे मास्तर होते. मास्तरांची पँट पांढरी, बूट पांढरे, शिट्टीची दोरी पांढरी. हर्षदा त्यांना आण्णा म्हणायची. ती बारावीत होती त्या वर्षी सव्वीस जानेवारीला संचलनाच्या पुढे मास्तर चालत होते. पाहुण्यांच्या समोर आल्यावर त्यांनी उजवीकडे मान वळवली, सलामीला हात नेला, आणि मैदानात एक खडासुद्धा नसताना ते अडखळले. सावरले, पुन्हा अडखळले आणि सगळ्या गावासमोर गुडघ्यावर पडले. मागची चारशे पोरं तालात पाय आपटत जागच्या जागी उभी राहिली. मांडवातून कुणीतरी म्हणालं, सकाळी सकाळीच मारलीय वाटतं. बायकांमध्ये बसलेल्या हर्षदाला ते ऐकू आलं. हसूही ऐकू आलं.

त्यानंतर मैदान शाळेने दुसऱ्याला दिलं आणि मास्तरांना ग्रंथालयात बसवलं. मार्चमध्ये शालनबाईंनी नवऱ्याला मारुतीच्या देवळात नेलं आणि चार लोकांसमोर त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. त्या भागात दारू सोडवायची ती रीत. माळ घातली की दारू बंद, मटण बंद, आणि माणूस पुन्हा माणसांत. मास्तर मटणाच्या रश्श्यासाठी जीव द्यायचेच काय ते बाकी असायचे. त्यांनी तेही सोडलं. तरी चाल सुधारली नाही. उलट बिघडली. मग लोक म्हणायला लागले, माळ घालून चोरून पितोय. साध्या दारूड्याला गाव पोटात घालतं, माळ घालून पिणाऱ्याला घालत नाही.

हर्षदाने त्यांना कधी जाब विचारला नाही. पुढे तिचं लग्न झालं, ईश्वरी झाली. मास्तर नात बघायला आले, पाळण्यापाशी जाऊन त्यांनी हात पुढे केले. "नको आण्णा, पाडाल," हर्षदा म्हणाली. त्यांनी हात मागे घेतले आणि पाळण्याची दोरी धरली. ईश्वरी तीन वर्षांची असताना ते गेले. तोवर तिला त्यांनी एकदाही उचललं नव्हतं.

पुण्याहून परतताना गाडीत ईश्वरी म्हणाली, "मम्मी, आजोबांचं तू डॉक्टरांना सांगितलंस आणि मला नाही."

"सांगण्यासारखं होतं का ते?"

"माझ्या पायाचं असेल तर होतं."

गाडी आपली आपण चालली होती, त्यामुळे रस्त्याकडे लक्ष आहे असं दाखवायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. यास्मिनने सगळं ऐकून घेतलं, अगदी न ऐकवणारंही. मग म्हणाली, "ताई, माणूस नसला तरी चालेल. त्यांचे बूट आहेत का?"

"बूट?"

"तळव्याचं रबर झिजतं म्हणजे त्यावर ओरखडे उठतात. प्रत्येक ओरखड्याला दिशा असते, खोली असते, आणि कोणता आधीचा, कोणता वरून पडलेला, हेही कळतं. आतल्या कापडावर वजनाचा ठसा असतो. आता यंत्र ते लाखभर ओरखडे उलट्या क्रमाने सोडवतं. फक्त त्याला एक सांगाडा लागतो. त्याच रक्ताचं, जिवंत पाऊल. तुमचं पाऊल माझ्याकडे आहेच. त्यावरून गेलेल्या माणसाची चाल उभी राहते. गेल्या वर्षापासून डॉक्टर पुरावा म्हणून धरायला लागलेत."

"गेलेल्या माणसाची चाल," हर्षदा म्हणाली.

घरी आल्यावर तिने आईला विचारलं. शालनबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"आण्णांचे काही बूट राहिलेत का गं?"

"सोळा वर्षं झाली. मेलेल्या माणसाचे बूट कोण ठेवतं घरात? वाटून टाकले."

"कुणाला?"

"आता मी नावनिशी लिहून ठेवली नाही."

"आई, ईश्वरीच्या पायाचा प्रश्न आहे. औषध आहे त्यावर, पण घरात कुणाला होतं हे कळल्याशिवाय देत नाहीत."

"तिचा पाय मुरगळलाय. हळद आणि रक्तचंदन लाव म्हटलं तर ऐकत नाही कुणी. पळायचं बंद केलं की सगळं ठीक होईल. उद्या स्थळं यायला लागली की काय सांगणार आहेस? आमच्या रक्तात अक्षर सापडलंय?"

"दोन हजार त्रेचाळीस साल आहे, आई."

"असेल. माणसं तीच आहेत."

पण त्या निवडत होत्या ती कोथिंबीर हर्षदाने बघितली. पानं कचऱ्यात चालली होती आणि काड्या ताटात.

पुढचे आठ दिवस शालनबाई नातीवर नजर ठेवून होत्या. नात जिना उतरताना भिंतीला हात लावते. अंगणात उभी असताना एका जागी उभी राहत नाही, सारखी जरा जरा हलते. दोरीवरचे कपडे काढताना चवड्यांवर उंच होते आणि डावी टाच आधी खाली येते. नवव्या दिवशी ईश्वरी देवघराच्या उंबऱ्याला अडखळली. पडली नाही. "काही नाही आजी, उंबराच मध्ये आला," म्हणून हसली. शालनबाई हसल्या नाहीत. हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला हर्षदा आपल्या रोपवाटिकेत कलमं बांधत असताना यास्मिनचा फोन आला. "ताई, आजी इथं आल्यात. एकट्या. रिक्षाने. ईश्वरीलाही घेऊन या म्हणतायत."

दोघी पोचल्या तेव्हा शालनबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवर रिकामी कापडी पिशवी. समोरच्या टेबलावर कॅनव्हासचे पांढरे बूट होते, पिवळट पडलेले. एक जोडी नव्हे, चार. दर जूनला शाळा उघडताना मास्तर नवी जोडी घेत आणि आतल्या कापडावर शाईने साल घालत. मैदानावरची शेवटची चार सालं ओळीने मांडलेली होती.

वाटून टाकले होते ना, असं म्हणायची ती वेळ नव्हती.

यास्मिनने एकेक बूट काचेच्या पेटीत ठेवला. पेटीतून आवाज येत नव्हता, नुसता पांढरा प्रकाश तळव्यावरून पुढे-मागे फिरत होता, कुणीतरी बोट ठेवून वाचावं तसा. वीस मिनिटं गेली. मग तिने दुकानाचे पडदे ओढले आणि पाट सुरू केला.

काळ्या पट्टीच्या टोकाला उजेडाचं एक पाऊल उमटलं. मग दुसरं. आणि त्याबरोबर आवाज आला, कारण पाट खालून तेवढ्याच वजनाने थरथरत होता. टप, टप, टप, टप. कडक जमिनीवर चालणारा, पाठ ताठ असलेला, एकाहत्तर किलोंचा माणूस.

हर्षदाला बघावं लागलंच नाही. कानांनीच ओळखलं. संध्याकाळी साडेपाचला ओट्याच्या फरशीवर हा आवाज यायचा आणि ती अंगणात खेळत असली तरी पुस्तक शोधायला घरात पळायची. सोळा वर्षं जगात नसलेला आवाज. तो चार जुन्या बुटांच्या तळव्यांत सगळा वेळ होता, कणभरही न विटता. माणूस बोलतो ते हवेत जातं, लिहितो ते कागद खातो, आणि चालतो ते मात्र असं राहतं, याचं तिला इतकं नवल वाटलं की रडू यायचं तेही मागेच थांबलं.

पावलं पाटाच्या टोकाला पोचली, वळली, परत निघाली. शालनबाई उठल्या. चपला काढून पाटाच्या कडेने, त्या पावलांच्या दोन पावलं मागून, त्याच वेगाने चालू लागल्या. डोक्यावर पदर घेतलेला होता. गावात त्या तशाच चालायच्या. दोन फेऱ्या त्या नवऱ्याबरोबर चालल्या.

"ही पहिल्या सालची जोडी," यास्मिन हळू आवाजात म्हणाली. "आता दुसरी."

दुसऱ्या जोडीत पावलं बाहेर कलली. उजेड करंगळीच्या बाजूला दाट, अंगठ्याकडे फिका. तिसऱ्या जोडीत आवाज बदलला. टप ऐवजी टप-फट, टप-फट. पंजा आपला आपण आपटत होता. डावा बूट टोकाकडून घासला जात होता. चौथ्या जोडीत पावलांमधलं अंतर कमी झालं होतं आणि प्रत्येक पाऊल जमिनीवर जास्त वेळ टेकून राहत होतं, उचलायच्या आधी विचार करत असल्यासारखं. शालनबाईंचा वेगही तेवढाच कमी झाला. त्या चौथीच्या शेवटापर्यंत चालल्या आणि मग पाटाच्या कडेला उभ्या राहिल्या.

भिंतीवर दोन चित्रं शेजारी आली. मास्तरांची दुसऱ्या सालची जोडी आणि ईश्वरीचे या वर्षीचे जुने बूट. एकावर एक ठेवली तर कडा जुळत होत्या.

हर्षदा भिंतीजवळ गेली. "यास्मिन," ती म्हणाली, "एक विचारू? दारू प्यालेल्या माणसाचं पाऊल असं पडतं का?"

"नाही, ताई. दारूचं पाऊल दर वेळी वेगळं चुकतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी बरोबरही पडतं. या चार वर्षांत अंदाजे दोन कोटी पावलं आहेत. हे पाऊल दर वेळी एकाच जागी चुकतंय."

पाटावर शेवटचं पाऊल अजून उजळून होतं. ईश्वरी पाटाच्या कडेला बसली होती आणि तिने आपला तळवा त्या पावलाशेजारी ठेवला होता.

"आजी," ती म्हणाली, "तू बूट का ठेवले होतेस?"

शालनबाई खुर्चीपर्यंत आल्या, पण बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"सव्वीस जानेवारीनंतर आम्ही मिरजेला गेलो होतो. गावात सांगितलं, नणंदेकडे चाललोय. डॉक्टरांनी मास्तरांचे पाय बघितले, टाचण्या टोचल्या. म्हणाले, औषध नाही. आणि म्हणाले, पोरीलाही दाखवून घ्या, हे वंशात उतरतं."

"मग माळ?" हर्षदा म्हणाली.

"ती त्यांनीच मागितली. येताना एसटीत. मी पेरू कापत होते." शालनबाईंनी पदर सारखा केला. "म्हणाले, लोक पितो म्हणतायत ना, म्हणू दे. दारूड्याच्या पोरीला स्थळ येतं, शालन. रक्तातल्या रोगाला येत नाही. तू सगळ्यांसमोर माळ घाल, म्हणजे कुणी दुसरं काही शोधणार नाही."

"लग्न झाल्यावर सांगायचं होतंस. मी त्यांना..." हर्षदा म्हणाली.

"तू पोर दिली नाहीस त्यांच्या हातात, तेव्हा मी सांगायला उठले होते. त्यांनी पाळण्याची दोरी धरल्या धरल्याच मान हलवली माझ्याकडे बघून. नको म्हणून. पाळण्यात आणखी एक लग्नाची पोर होती, नाही का." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. "त्यांना तेव्हा औषध नव्हतं, म्हणून गप्प राहणं शहाणपणाचं वाटलं. मला आता दहा-बारा दिवस ठाऊक होतं की औषध आहे, तरी मी गप्प राहिले. सवय लागली होती."

हर्षदा आईकडे बघत राहिली. तिला आईचा राग यायला हवा होता आणि तो येईलही, सावकाश, वर्षानुवर्षं. पण या क्षणी तिला फक्त एवढंच दिसत होतं, की ही दोन माणसं एक धडधाकट बदनामी मध्ये धरून तिच्यासमोर उभी राहिली होती, आणि त्या बदनामीच्या आडोशाला ती सुखाने वाढली होती.

यास्मिनने डॉक्टरांना पाठवायचा कागद पुढे ओढला. त्यात एक रकाना रिकामा होता. नातेवाईक, आणि त्यापुढे आजार. तिने पेन हातात घेतलं.

शालनबाई खुर्ची सोडून पाटावर आल्या. पायाखाली उजेड होता, तरी त्या हळूच, चाचपत गुडघे टेकून ईश्वरीसमोर बसल्या आणि तिचा डावा घोटा त्यांनी दोन्ही तळहातांत धरला.

"मास्तर कधीच प्यायले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना आजार होता. आपल्या घरातला आहे तो, पोरी. तुला तोच आहे."